मूठ सोडल्यावर

मोटरसायकलला क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ न पिळता वेग धरून ठेवणारी सोय, असावी की नसावी, या विषयावर माझ्या नवऱ्याच्या पलंगाभोवती पाचसहा माणसं हिरिरीने बोलत होती, आणि माझा नवरा छताकडे बघत पडला होता. ही सगळी त्याच्या मोटरसायकलच्या ग्रुपमधली मंडळी. भेटायला म्हणून आली, सफरचंदांची पिशवी माझ्या हातात दिली, ज्याला बोलता येत नाही त्याला ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारलं आणि आपल्या लाडक्या विषयाकडे वळली. एक म्हणाला, लांबच्या प्रवासाला त्याच्यावाचून गत्यंतर नाही, मनगटाचा पार भुगा होतो. दुसरा म्हणाला, मोटरसायकल काय चारचाकी आहे का? कुत्रं आडवं आलं की कळेल. तिसऱ्याने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ लावला आणि माझ्या नवऱ्याच्या पायांवरून हात लांब करून पलीकडच्याला दाखवायला लागला.

“अजून कुणाला मत मांडायचंय का?” मी विचारलं. “नाहीतर माइक मागवते.”

मग सगळ्यांना एकदम कामं आठवली. चपला शोधताना एकमेकांच्या पायात आली, ‘काळजी घ्या वहिनी’ म्हणाली आणि जिना उतरता उतरता पुन्हा त्याच विषयावर सुरू झाली. मला वर ऐकू येत होतं.

मागे राहिले ते फक्त चष्मेवाले भाऊजी. इतका वेळ ते कोपऱ्यात स्टुलावर बसून होते आणि चकार शब्द बोलले नव्हते. एरवी या विषयावर त्यांना गप्प करायला दार लावून घ्यावं लागायचं.

भाऊजी म्हणजे माझे कुणी सख्खे दीर नव्हेत. नवऱ्याचा जुना दोस्त, बाजारात चष्म्याचं दुकान. नवरा त्यांना ‘भिंग’ म्हणायचा आणि ते त्याला ‘म्हाताऱ्या’ म्हणायचे, जरी दोघं एकाच वयाचे होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मी घरी पडदे शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मधल्या खोलीत जेवणाचं टेबल, आणि त्या टेबलावर कितीतरी वर्षं या दोघांची भांडणं. कुठला रस्ता, कुठलं टायर, आणि मग फिरून फिरून क्रूझ कंट्रोल.

माझ्या नवऱ्याचा त्याला ठाम विरोध होता. लिफ्टवाल्यांचं एक आहे. ते लिफ्टच्या डोक्यावर उभे राहून काम करतात तेव्हा त्यांच्या हातात एक बटण असतं. ते दाबून धरलं तरच लिफ्ट सरकते, बोट उचललं की जागच्या जागी थांबते. पाय घसरला, चक्कर आली, अगदी माणूस गेला तरी बोट सुटतं आणि लिफ्ट थांबते. ज्याने कुणी ही अक्कल लढवली त्याचे पाय धरावेत, असं तो म्हणायचा. मोटरसायकलच्या मुठीबद्दलही त्याचं तेच. मूठ पिळून धरली आहे तोवर गाडी पळणार, सोडली की मंदावणार. “माणूस संपला तरी जे यंत्र चालूच राहतं, ते मला नको.”

“दिवसभर एकच मूठ पिळून धरायची,” भाऊजी म्हणायचे, “बोटांना मुंग्या येतात. मग हात बधिर. त्या बधिर हाताने तू ब्रेक काय कपाळ दाबणार? सरळ रस्ता, रिकामा रस्ता, तेवढ्यापुरतं लावायचं आणि हाताला जरा उसंत द्यायची. गर्दीत लाव म्हणतंय कोण?”

“आणि डुलकी लागली तर?”

“डुलकी लागली तर ते असो नसो, मी वरच जाणार. वर तुझी लिफ्ट असेलच.”

एकदा मी दोघांना सांगितलं, तुम्ही दोघं सरळ लग्न करा, मी सुखाने पडदे शिवत बसते. त्यावर दोघं एकदम म्हणाले, “याच्याशी?”

अखेर माझ्या नवऱ्याच्या मनगटाने दगा दिला. लांबून आला की उजव्या हाताने कप उचलता यायचा नाही, शर्टाची बटणं मी काढायची. मग एक दिवस भाऊजी त्याला ओढून एका गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि दोघांच्याही गाड्यांना क्रूझ कंट्रोल बसवूनच परत आणलं. त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मला खाली नेलं, गाडीवर बसवलं, मुठीजवळचं बटण दाखवलं. “हे दाबलं की वेग धरून ठेवते. ब्रेकला किंवा क्लचला नुसता हात लावला की सुटतं. अगं, मूठ सोडली तरी पळते!” पक्ष बदललेला माणूस असतो ना, तसा तो भाऊजींपेक्षाही कट्टर झाला. आणि त्याचा हात खरंच सुधारला, हे मी कबूल करते. मला शर्टाच्या बटणांतून सुटी मिळाली.

पण एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. दोघं इतके हुशार, स्क्रूस्क्रूवर वाद घालणारे, आणि ही एक गोष्ट नाही आली.

हेल्मेटमधून बोलायचे फोन मिळतात. या दोघांना ते नको होते. भाऊजी म्हणायचे, दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांची बडबड ऐकतो, तिथे तरी शांतता असू दे. नवरा म्हणायचा, बोलणी खायची तर घरी बायको आहे. म्हणून त्यांचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. खड्डा आहे, वळायचंय, पेट्रोल भरायचंय, सगळं डाव्या हाताने. उजव्या हाताची खूण एकच होती. तो खाली सोडून दोनदा झटकायचा. याचा अर्थ, माझ्याने होत नाहीये, थांब. उजवा हात मुठीवरचा, तो सुटला की गाडीही मंदावते, म्हणजे मागच्याला हातही दिसतो आणि वेग उतरलेलाही दिसतो. चूक व्हायला जागाच नाही. इतक्या वर्षांत ती खूण दोघांनी मिळून फार तर दोनतीनदा केली असेल आणि दरवेळी समोरचा तिथल्या तिथे थांबला होता.

क्रूझ कंट्रोल आलं आणि दोघंही सरळ रस्त्यावर उजवा हात खाली सोडायला लागले, झटकायला लागले. मुंग्या जाव्यात म्हणून. आपली ती जुनी खूण आता गेली, तिच्या जागी दुसरी काहीतरी ठरवायला हवी, हे एकालाही सुचलं नाही.

त्या दिवशी काय झालं ते मी सगळ्यांच्या तोंडून गोळा करून जोडलं आहे. सकाळचं ऊन, रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरलेली मोकळी जमीन. नवरा पुढे, भाऊजी मागे. माझ्या नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि त्याची उजवी बाजू जायला लागली. उजवा हात, उजवा पाय. मोटरसायकलचे दोन्ही ब्रेक उजवीकडेच असतात, एक हाताला, एक पायाला. पूर्वीची गाडी असती तर मूठ सुटून आपोआप मंदावली असती. ही पळत राहिली. त्याने हात खाली सोडला आणि झटकला. झटकता आला तेवढा झटकला.

भाऊजींनी मागून पाहिलं. हात खाली, गाडी सरळ, वेग तोच. हेल्मेट तोंड झाकणारं, पुढची काच काळी. त्यांनी गाडी दामटली, त्याच्या बाजूने जाताना अंगठा वर केला आणि पुढे निघून गेले. पुढच्या ढाब्यावर चहा सांगून ठेवू, हा निवांत येऊ दे, असा विचार केला.

ते तिथे दोन चहा सांगून बसले. इकडे माझ्या नवऱ्याला केव्हातरी डाव्या हाताने क्लच दाबायचं सुचलं. गाडी हळू झाली, पण टेकायला पाय नव्हता. तो रस्त्याच्या कडेला आडवा झाला आणि गाडी त्याच्यावर. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी पिऊन पडलाय. शेवटी एका ट्रकवाल्याने थांबून त्याला उचललं. भाऊजी चहा गार झाल्यावर, आणखी एकदा सांगून तोही गार झाल्यावर उलटे फिरले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळवायचं औषध असतं, पण ते लवकर द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. भाऊजी माझ्या शेजारी उभे होते. “पण तो अगदी मजेत होता हो,” ते डॉक्टरांना सांगायला लागले. “मी बघितलं ना. हात खाली सोडून, असा...” आणि त्यांनी स्वतःचा उजवा हात खाली सोडून दाखवला. तो तसाच राहिला. त्या हाताकडे बघत ते किती वेळ उभे राहिले. डॉक्टर निघूनही गेले.

घरी आणल्यावर नवऱ्याला बोलणं शिकवायला एक बाई यायला लागल्या. त्याला सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. सुरुवातीला मान हलवायचा, मग ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच. त्यातही गोंधळ. पाणी हवंय का विचारलं की नाही म्हणायचा आणि पेल्याकडे हात करायचा. बाईंनी मला सांगितलं, एकदा विचारून विश्वास ठेवू नका. तीच गोष्ट उलटी करून पुन्हा विचारा, तेव्हा खरं कळेल.

मी पहिला खरा प्रश्न तोच विचारला. बाईंची पाठ वळल्यावर दार लावलं आणि विचारलं, “त्या दिवशी तू भाऊजींना बोलावत होतास?” तो हो म्हणाला. उलटं विचारलं, “आराम करत होतास ना?” नाही म्हणाला. आणि मग डाव्या हाताने आपला मेलेला उजवा हात उचलून त्याने पलंगाच्या कडेवरून खाली टाकला, त्याचं मनगट धरून तो हलवला, आणि माझ्याकडे बघत राहिला. मी तो हात उचलून परत चादरीखाली ठेवला. मला भाऊजींचा इतका संताप आला होता की तो कुठे ठेवू ते कळेना.

भाऊजींना हे तोंडावर ऐकवायचं मी ठरवून टाकलं. तेही एकटे असताना नाही, चार माणसं असताना. शब्दसुद्धा जुळवून ठेवले. पडदा शिवताना मनातल्या मनात मी ते इतक्यांदा म्हटले की एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची दुमड तीनदा उसवावी लागली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले, दुकान उघडायच्या आधी, आणि म्हणाले, “वहिनी, आंघोळीचं पाणी काढा.” माझा नवरा अंगाने भक्कम. मी एकटीने त्याला कुशीवर वळवायचं म्हटलं तर माझ्या कमरेत उसण भरायची. शेजारचे एकदा आले, दोनदा आले, मग दाराला आतून कडी लावायला लागले. भाऊजी रोज आले. त्याच्या काखेत हात घालून, “चल रे म्हाताऱ्या, एक, दोन, उठ” म्हणत त्याला खुर्चीत घ्यायचे, न्हाणीघरात न्यायचे, पुसायचे, पावडर लावायचे, दाढी करायचे. ज्या गोष्टी बायकोकडूनही करून घ्यायला माझ्या नवऱ्याला लाज वाटायची, त्या तो भाऊजींकडून करून घ्यायचा.

आणि दाढी करता करता भाऊजी वाद घालायचे. दोन्ही बाजूंनी एकटेच. “आता तू म्हणशील, रुंद टायर बरं. मी म्हणतो, पावसात तुझ्या रुंद टायरने काय दिवे लावले ते सांगू का? तू म्हणशील, तेव्हा रस्ताच तसा होता. अरे, रस्ता तर मलाही तोच होता!” माझा नवरा अर्ध्या तोंडाने हसायचा. घशातून एक घरघर यायची, ते त्याचं हसू. दिवसभरात तो तेवढाच हसायचा. मी मशीनवर बसून ऐकायचे आणि जुळवलेले शब्द गिळायचे. क्रूझ कंट्रोलच्या वाटेला मात्र भाऊजी चुकूनही जात नसत.

मग एकदा निघताना ते माझ्या मशीनपाशी थांबले. “वहिनी, एक विचारू? तुम्ही त्याला कधी... त्या दिवसाबद्दल?”

माझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्यामुळे बरं झालं, तोंड कसं होतंय ते दिसत नाही. एकेक टाचणी काढून कापडाला लावली आणि म्हटलं, “विचारलं ना. आराम करत होता. हाताला मुंग्या आल्या होत्या म्हणे. तुम्ही गेल्यानंतर सगळं झालं.”

“खरं?”

“मी कशाला खोटं बोलू? माझं काय जातंय?”

माझं सगळंच जात होतं. हा माणूस उद्या आला नाही तर माझा नवरा अंथरुणात कुजेल, एवढं साधं गणित होतं. आणि ते घशातलं हसू बंद होईल. भाऊजींच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्या दिवशी जिन्यावरून खाली जाताना ते शीळ घालत होते. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो! आठवडाभराने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मी चिडून म्हटलं, “भाऊजी, लिहून देऊ का?” ते ओशाळले. पण त्यांचं समाधान होत नव्हतं, हे दिसत होतं. त्यांनी स्वतःची गाडी दुकानामागे झाकून ठेवली होती. ग्रुपच्या लोकांचे फोन ते घेत नव्हते. भाऊजींची बायको मला एकदा म्हणाली, जेवताना घास हातात धरून बसतात.

आणि एका सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्यालाच विचारलं. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्याला साबण तसाच होता. त्यांनी वस्तरा पाण्याच्या वाटीत ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं. मी इस्त्री केलेला पडदा हातावर घेऊन दारात उभी होते.

“म्हाताऱ्या, एक सांग. त्या दिवशी हात खाली सोडलास, तो मला बोलवायला?”

माझ्या नवऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं. भाऊजींची पाठ माझ्याकडे होती. मी मान हलवली. नाही म्हण. डोळ्यांनी सांगितलं, ओठांनी आवाज न करता सांगितलं. आमचं लग्न व्हायच्या आधीपासूनचं, एकाच गल्लीतलं, अरे-तुरेतलं नातं. माझी नुसती भुवई हलली तरी त्याला कळतं. त्याला कळलंच. त्याने माझ्यावरून नजर काढली आणि भाऊजींना म्हणाला, “हो.”

“भाऊजी,” मी घाईने म्हटलं, “त्याचं हो-नाही अजून उलटसुलट होतं. त्या बाई म्हणाल्यात.”

“माहीत आहे मला.”

त्यांनी टॉवेलने हात पुसले. मी त्यांच्या दुकानात डोळे तपासून घेतले आहेत, म्हणून मला त्यांचा तो तपासणीचा आवाज ओळखीचा होता. तिथे त्या जड चौकटीत एक काच घालतात, विचारतात, हे स्पष्ट की आधीचं? मग दुसरी घालतात. मग गुपचूप पहिलीच परत घालतात आणि पुन्हा विचारतात. जो तोंडाला येईल ते सांगत असतो तो तिथे पकडला जातो. त्याच शांत, कोरड्या आवाजात ते आता माझ्या नवऱ्याशी बोलायला लागले.

“आराम करत होतास?”

“नाही.”

“हाताला मुंग्या आल्या होत्या म्हणून झटकलास?”

“नाही.”

“मी बाजूने गेलो, अंगठा दाखवला. दिसलो तुला?”

“हो.”

“तेव्हा मूठ धरता येत होती?”

“नाही.”

“मी गेल्यावर झालं सगळं. आधी काही नव्हतं.”

“नाही.”

“मी पुढे गेलो ते बरं वाटलं तुला. एकट्याला शांत चालवायला मिळालं.”

“नाही.” हे त्याने जोरात म्हटलं.

“म्हणजे मी थांबावं असं वाटत होतं.”

“हो.”

“पुरे!” मी ओरडले. “काय लावलंय हे? कोर्ट आहे का?”

भाऊजींनी वाटीतून वस्तरा उचलला, साबण वाळला होता म्हणून पुन्हा लावला आणि उरलेल्या गालाची दाढी केली. ब्रश धुतला, टॉवेल वाळत घातला. “येतो वहिनी,” म्हणाले. मी केलेला चहा तसाच राहिला.

ते गेल्यावर मी नवऱ्यावर तुटून पडले. आजारी माणूस, पण मला राहवलं नाही. काय मिळालं तुला? भाऊजी आले नाहीत तर तुला कोण उचलणार, मी? माझी हाडं आहेत तेवढी? त्याने ऐकून घेतलं. चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. माझ्या मग लक्षात आलं. सगळे येऊन त्याच्याच समोर म्हणायचे, निवांत बसला असेल, डुलकी लागली असेल, मजेत होता. मी स्वतः दाराआडून भाऊजींना तेच सांगत होते आणि हा आतून ऐकत होता. त्याने हाक मारली होती. ज्याला मारली त्याला एकदा तरी ते कळावं, एवढंच त्याला हवं होतं. मला ते समजलं. तरी मी त्याला माफ केलं नाही. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याच्याशी अबोला धरायचा म्हणजे स्वतःलाच कोंडून घेणं होतं.

उद्या भाऊजी येणार नाहीत, हे मी धरून चालले होते. सकाळी मी त्याला एकटीने उठवायला वाकलेसुद्धा. तेवढ्यात दार वाजलं. भाऊजी नेहमीपेक्षा लवकर आले होते. मी जवळजवळ रडलेच. म्हटलं, देवमाणूस आहे हा, मी उगाच घाबरले.

त्यांनी त्याला उचललं. ‘चल रे म्हाताऱ्या’ म्हटलं नाही. न्हाणीघरात नेलं, पुसलं, पावडर लावली, दाढी केली. टायरचं नाही, रस्त्याचं नाही, काही नाही. मध्येच विचारलं, “पाणी गरम आहे का?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हात घालून बघितलं. काम झालं आणि गेले. संध्याकाळी दुकान बंद करून पुन्हा आले. चादर बदलली, पाठ चोळली.

तेव्हापासून ते दोन वेळा येतात. कधी चुकत नाहीत. औषधं आणतात, संपायच्या आधी आणतात. डॉक्टरांकडे न्यायचं तर भाड्याची चारचाकी दारात उभी असते. नातेवाईक म्हणतात, असा मित्र भाग्यानेच मिळतो. मी हो म्हणते. मित्र कुठे आहे त्यात? रोज घरी एक माणूस येतो, जन्मठेपेची कैद भोगायला आल्यासारखा, मान खाली घालून काम करतो आणि जातो. माझ्या नवऱ्याला नोकर मिळाला. त्याचा भिंग गेला.

माझ्या नवऱ्याने भाऊजींना पुन्हा वादात ओढून बघितलं. मोटरसायकलच्या चित्रावर बोट ठेवलं, तर भाऊजींनी ते मासिक उचलून नीट टेबलावर ठेवलं. डाव्या हाताने त्यांच्या पोटात गुद्दा मारला, पूर्वी मारायचा तसा. त्यांनी तो हात धरून हळूच चादरीवर ठेवला. घशातली ती घरघर मी त्यानंतर ऐकली नाही.

मग बोलणं शिकवणाऱ्या बाई मला एकदा म्हणाल्या, त्याने स्वतःहून एक शब्द धरलाय, तोच घोकतोय, दुसरं काही करूच देत नाही. ओठ वाकडे व्हायचे, कपाळावर घाम यायचा. मी मशीन थांबवून ऐकायचे, पण दारातून नुसते तुकडे ऐकू यायचे. कितीतरी दिवस त्याचं ते चाललं होतं.

एका संध्याकाळी भाऊजी त्याला कुशीवर वळवायला वाकले, तर त्याने डाव्या हाताने त्यांची बाही घट्ट पकडली.

“आ-रा-म,” तो म्हणाला.

आजारपणानंतरचा त्याचा हा तिसरा शब्द. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने बाही सोडून आपल्या उजव्या हाताकडे बोट केलं, मग दूर कुठेतरी, रस्ता दाखवावा तसं, मग स्वतःच्या छातीवर हात आपटला. “आराम. आराम.” आणि भाऊजींकडे बोट करून, मान जोरजोरात हलवत, “नाही. नाही.”

त्या दिवशी मी आराम करत होतो. तुला बोलावलं नव्हतं. इतके दिवस तो यासाठी घाम गाळत होता. मी त्याला एका भुवईने सांगितलेलं खोटं त्याने आता पदरचा एकुलता एक नवा शब्द खर्चून सांगितलं होतं.

“बघा भाऊजी,” मी पुढे झाले, “तो स्वतः सांगतोय. मी म्हणत नव्हते? तेव्हा त्याचा गोंधळ झाला होता.”

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “मी तपासलंय.”

त्यांनी त्याच्या बोटांतून बाही सोडवली, त्याला भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवलं, मागे उशी लावली आणि तेल घेऊन पाठ चोळायला लागले. पाठ चोळून होईपर्यंत माझा नवरा भिंतीला सांगत राहिला, आराम, आराम. भाऊजींनी तेलाची बाटली झाकण लावून जागेवर ठेवली, हात धुतले आणि मला विचारलं, उद्या सकाळी डायपर आणायचेत का.